पिस्ता रंग आधी भिंतीवर लावून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की परभणीत रंगाच्या दुकानांत गर्दी होते. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत मीही होते. बैठकीला पिस्ता रंग द्यायचा हे माझं आधीपासून ठरलेलं. सेलूला माहेरी भिंती तशाच होत्या. वडील चुनकळी हौदात विरवत, त्यात डिंक आणि थोडा मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. मोरचूद विषारी, म्हणून आम्हा लेकरांना जवळ फिरकू देत नसत. चुन्याचा ओला हात पाणचट दिसायचा, पण दुसऱ्या दिवशी वाळला की भिंतीवर फिकट हिरवी झाक उतरायची. बाहेर ४२-४३ अंशांचं ऊन असलं तरी त्या खोलीत आलं की डोळे निवायचे.

मी दुकानात कार्डावरचा बोटभर तुकडा पाहून २० लिटरची बादली मशीनवर रंगवून घेतली. चारही भिंतींना रंग लागला आणि तो कार्डापेक्षा कितीतरी गडद दिसू लागला. भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो, म्हणून असं होतं. आमची खिडकी उत्तरेला, त्यामुळे सकाळी रंग निळसर वाटे. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली तर दवाखान्यात बसल्यासारखं व्हायचं. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदाराने परत घेतला नाही.

मग आमच्या रंगाऱ्याच्या सांगण्यावरून दोन छटा फिकट रंगाचा एकच लिटर आणला. खिडकीशेजारी एक आणि खिडकीसमोर एक, असे दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवले. चार दिवस ते सकाळी, दुपारी तीनला आणि दिवे लागल्यावर पाहिले. छत पांढरंच ठेवलं, ट्यूब काढून पिवळसर उजेडाचे बल्ब लावले. आता हवा होता तोच रंग दिसतो.

मागची खोली दगड-मातीची. तिला प्लास्टिक पेंट दिला आणि पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. अशा भिंती ओल शोषतात आणि सोडतातही. वरून प्लास्टिकचा थर आला की ओल आतच कोंडते. सगळा रंग खरवडून तिथे पुन्हा चुना दिला, त्यात हिरव्या झाकेसाठी पिवडी (पिवळी माती) आणि नीळ. गावोगाव माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं अजून आहेत, त्यांच्या मालकांनी हे नक्की ध्यानात घ्यावं.

दारं-खिडक्यांचा जुना हिरवा ऑइलपेंट कोरडा घासू नये, हेही लिहिते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक असते.

रंगविक्रेत्यांना माझी विनंती आहे की दुकानात दोन फुटांच्या रंगवलेल्या फळ्या ठेवाव्यात आणि त्या गिऱ्हाइकाला एका दिवसासाठी घरी नेऊ द्याव्यात, हवं तर अनामत घ्यावी. आणि आपण दिवाळीच्या घरसजावट पुरवणीत एकाच भिंतीचे सकाळचे, दुपारचे आणि रात्रीचे असे तीन फोटो छापावेत. आमची बैठक त्यासाठी केव्हाही खुली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी