बाबा, तुमची खिडकी कुठली?

लेस्टर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

आई, कालच फोनवर तुझ्याकडून कळलं, बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली ते. डोळ्यांत थेंब घालायचं वेळापत्रक मला पाठव, मी रोज आठवण करीन. पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे.

रविवारी इथल्या जुन्या बाजारात एका खोक्यातून पोस्टकार्डं चाळत होते आणि हातात आपलं मुंबईचं हायकोर्ट आलं! बाबा, मी तिथेच खाली बसले. ओव्हल मैदानाच्या बाजूने घेतलेला फोटो, वरून हाताने रंग भरलेले. रंगवणाऱ्याने इमारत कधी पाहिली नसावी, कारण आपला काळा-निळसर दगड त्याने चक्क विटकरी करून टाकलाय. मागे एडवर्ड राजाचं एक आण्याचं लाल तिकीट, शिक्का 1904 चा. तेव्हा मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, म्हणून मजकूर चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत कोंबलाय: उकाडा फार आहे, तब्येत बरी आहे. कुणीतरी घरी लिहिलेल्या या दोन ओळी.

1904 म्हणजे टिळकांवरच्या राजद्रोहाच्या दुसऱ्या खटल्याला अजून चार वर्षं होती. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही, आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे मला शाळेत नाही, तुम्ही शिकवलंत. मे महिन्याच्या सुट्टीत मला ऑफिसला नेलं होतंत, तेव्हा तो खटला चालला त्या कोर्टाच्या खोलीबाहेरच्या, टिळकांच्या आठवणीत लावलेल्या संगमरवरी पाटीसमोर चपला काढून उभे राहिलात. मला तेव्हा लाज वाटली होती, लोक बघत होते म्हणून. आज त्या लाजेची लाज वाटते, बाबा.

मग ते माकड! खांबावरचं, हातात तराजू घेतलेलं, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं. कंत्राटदार खटला हरला म्हणून त्याने राग दगडात काढला, ही आख्यायिका तुम्ही सांगितलीत आणि लगेच म्हणालात, "आख्यायिका आहे हं, पुरावा नाही." स्टेनोग्राफरने बोलावं तसं, न ऐकलेला शब्द न लिहिणारं.

मी भिंग घेऊन वरच्या दोन मूर्ती शोधल्या, न्याय आणि दया. भिंगाखाली नुसते शाईचे ठिपके दिसतात. तरी त्या तिथे आहेत हे ठाऊक असल्यामुळे दिसतात.

इमारत 562 फूट लांब, खिडक्या मोजता मोजता मी दमले. तुम्ही इतकी वर्षं चर्चगेटला उतरून, ओव्हल ओलांडून, आईचा डबा घेऊन यातल्या नेमक्या कुठल्या खिडकीमागे बसायचात, हे मी कधी विचारलंच नाही.

मूळ कार्ड दिवाळीला येताना घेऊन येईन, टपालाच्या भरवशावर सोडवत नाही. सोबत मोठी प्रत काढून पाठवतेय. पूर्वी लोक अशा कार्डांवर फुली मारून कळवायचे, मी इथे उतरलोय म्हणून. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली की तुम्हीही पेन्सिलीने तुमच्या खिडकीवर फुली मारा. तुमचं टेबल मागच्या बाजूला असेल तर तसं आईला लिहायला सांगा. आई, हात थरथरला तर धर, पण खिडकी त्यांनाच शोधू दे.

तुमची,
चिमी