इंजेक्शनाने पुढच्या बाळाचा धोका टळत नाही

महोदय,

एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी) या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या महागड्या इंजेक्शनाची बातमी आपल्या अंकात वाचली. मदतीचं आवाहन ठळक छापलंत, हे चांगलं झालं. पण ‘बाळाचे जनुक दुरुस्त होणार’ या मथळ्याने आमच्या देवगड तालुक्यात घोळ घातला आहे. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो असल्याने असले प्रश्न माझ्या पडवीत येतात. परवा वाडीतली एक काकी सुनेला घेऊन आली. नातवाला हाच आजार आहे आणि सून पुन्हा गरोदर आहे. पिशवीत आपल्या बातमीचं कात्रण, मथळ्याखाली पेनाने दोनदा रेघ मारलेलं. काकीने विचारलं, “सर, जीन बदलतत म्हणजे फुडच्या पोराक ह्यो रोग होवचो नाय मा?”

बातमीतलं औषध न्युसिनर्सेन. ते १८ अक्षरांचं अँटिसेन्स ऑलिगोन्यूक्लिओटाइड आहे, म्हणजे जनुकीय अक्षरांचा प्रयोगशाळेत बनवलेला छोटा तुकडा, आणि जनुकाला ते हातही लावत नाही. जनुकावरून पेशीत आरएनएची जी नक्कल निघते, तिच्यावर ठरावीक जागी ते चिकटपट्टीसारखं बसतं. या मुलांत एसएमएन१ जनुक निकामी असतो. त्याचा जोडीदार एसएमएन२ शाबूत असतो, पण त्याच्या नकलेतून सातवा भाग बहुतेक वेळा गळतो आणि तयार होणारं प्रथिन टिकत नाही. औषध चिकटलं की तो भाग गळत नाही. परिणाम कायमचा नसल्याने मणक्यातून सुरुवातीला ४ डोस, नंतर दर ४ महिन्यांनी एक.

मुळात असे अँटिसेन्स तुकडे म्हणजे संशोधकांचं हत्यार. १९७८ मध्ये पॉल झमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांच्या तुकड्याने कोंबडीच्या पेशींतल्या विषाणूची वाढ रोखली. एखाद्या जनुकाचा निरोप, म्हणजे त्याची आरएनए नक्कल, अडवायचा आणि पेशीत काय बिघडतं ते बघायचं, त्यावरून त्या जनुकाचं काम कळतं. प्रयोगशाळांत आजही हे चालतं. सातवा भाग गाळायला लावणारी एक महत्त्वाची जागा २००६ मध्ये रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिली. एड्रियन क्रेनर यांच्या गटाने तर एकामागून एक तुकडे लावून, कुठे चिकटवलं की भाग टिकतो, ते तपासलं. त्यातून २०१६ च्या डिसेंबरात तिकडे मंजूर झालेलं हे औषध. बातमीत यातलं अक्षरही नव्हतं, किंमत मात्र तीनदा होती!

आता काकीच्या प्रश्नाचं उत्तर. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून दोघांकडेही एकेक बिघडलेला जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिल्या मुलाला कितीही डोस दिले तरी तो आकडा हलत नाही. दोघांच्या रक्ताची तपासणी होते, गर्भाचीही होते, आणि तिला वेळेची मर्यादा असते. सुनेला तिसरा महिना लागलाय. जनुकीय सल्ल्यासाठी लगेच मुंबई गाठा, असं मी त्यांना सांगितलं आहे. पण असंच कात्रण जपून ठेवलेली आणखी किती घरं असतील?

कृपया खुलासा छापा. तोही पहिल्या पानावर आणि मथळा होता तेवढ्याच टायपात.

– एक निवृत्त शिक्षक, ता. देवगड