नाकारलेल्याजवळ बसताना

मा. संपादक, स. न.

कोणाच्या वाट्याला नकार आला की आम्हा ख्रिस्ती मंडळींत ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवण्याची घाई फार होते. त्यामुळे दुखावलेल्या माणसाला आधार मिळण्याऐवजी आपले रडणेही अविश्वासात जमा झाल्यासारखे वाटते. बायबल मात्र अशी घाई करत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शोमरोनी लोकांचे एक गाव येशूला स्वीकारत नाही, तेव्हा याकोब आणि योहान हे त्याचे शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची भाषा करतात. येशू त्या दोघांनाच दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाची वाट धरतात. शाप नाही, मनधरणीही नाही.

निवड न झाल्याचे दोन ओळींचे पत्र मी घड्यांवर फाटेपर्यंत खिशात बाळगले होते. त्या दिवसांत सांत्वनाच्या वचनांपेक्षा उपयोगी पडले ते बायबलमधले १३ वे स्तोत्र, ज्याच्या आरंभीच भक्त देवाला ‘कुठवर?’ असे चार वेळा विचारतो. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी अशा माणसाला उपदेश करण्याआधी थोडे गप्प बसावे, एवढीच विनंती. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ बसलेले त्याचे मित्रही पहिले सात दिवस गप्पच होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

– एक वाचक