कावळा चालतो, पाळी चालत नाही

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, शास्त्री भवन, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. चौदा वर्षं झाली. आठवड्याला सहा-सात एपिसोड, एका एपिसोडची बावीस मिनिटं. या धबडग्यात कायदा-नियम वाचायला वेळ कुणाला असतो? पण गेल्या वर्षी एका सीनमुळे मी आपले केबल टीव्हीचे नियम बसून वाचून काढले. आणि वाचल्यापासून हे पत्र डोक्यात आहे.

सीन अगदी साधा होता. आजी माजघरात तांदूळ निवडत बसलीय. तेरा वर्षांची नात शाळेतून मधेच घरी येते, दप्तर टाकून मोरीत शिरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. आजी गुडघ्यावर हात टेकत उठते, दाराशी जाते आणि विचारते, "पाळी आली का गं?" आतून नुसतं "हं" येतं. आजी म्हणते, "मग घाबरतेस काय? कपाटात खालच्या खणात पाकीट आहे, देते." संपलं. जेमतेम दीड पान. माझ्या आजीने मला हे असं विचारलं नव्हतं, म्हणून मालिकेतल्या आजीकडून वदवून घेतलं, एवढाच काय तो माझा स्वार्थ.

दुसऱ्या दिवशी नोट आली. प्रत्येक चॅनेलमध्ये 'एस अँड पी' नावाचा एक विभाग असतो. स्क्रिप्ट आणि एडिट झालेला एपिसोड दोन्ही त्यांच्या नजरेखालून जातात. दारूचा ग्लास ब्लर करायचा, शिवी म्यूट करायची, जातीचा उल्लेख गाळायचा, ही कामं त्यांची. नोट होती : "'पाळी' – फॅमिली टाइम. शब्द बदलावा. पाकीट फ्रेममध्ये नको."

मला राग आला. रागाच्या भरात मी खोडसाळपणे लिहिलं, "कावळा शिवला का गं?" वाटलं होतं, यावर तरी कुणीतरी भडकेल, फोन करेल, मग बोलता येईल. कुणी भडकलं नाही. ओके आलं. संध्याकाळी साडेसातला आजीने लाखो घरांत विचारलं, "कावळा शिवला का गं?" आणि लगेच ब्रेक लागला. ब्रेकमधली दुसरी जाहिरात सॅनिटरी पॅडची होती.

मंत्रिमहोदय, कावळा शिवणं म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयातल्या कुणा मराठी अधिकाऱ्याला जरूर विचारा. त्या दोन शब्दांत बाईने चार दिवस बाजूला बसणं आलं, देवघराकडे न फिरकणं आलं, लोणच्याच्या बरणीला हात न लावणं आलं. म्हणजे मी एक साधा, शरीराचा शब्द काढून त्या जागी अख्खा विटाळ आणून बसवला आणि तो पास झाला.

मी त्या एस अँड पीच्या मुलाला फोन लावला. चांगला मुलगा आहे, लॉ झालेला. म्हटलं, कुठल्या नियमात बसतं हे, दाखव. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४. नियम सहा, त्यातलं पहिलंच कलम पिवळं केलेलं : सुरुची किंवा सभ्यता यांना बाधा आणणारा कार्यक्रम दाखवता येणार नाही. "ताई," तो म्हणाला, "'पाळी'त वाईट काही नाही, आमच्या घरीही बोलतात. पण तक्रार आली तर पंधरा दिवसांत उत्तर मला द्यायचंय. त्यात काय लिहू? आम्हाला हे सुरुचीपूर्ण वाटलं?"

त्याचं खरं होतं. त्यामुळे माझा राग त्याच्यावरून उठला आणि त्या पिवळ्या ओळीवर गेला.

घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर बंधनं घालायची कारणं मोजून दिलेली आहेत. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यात सभ्यता आहे. सुरुची नाही. दोन्हींत फरक आहे हे कुठल्याही सासूला कळतं. भर मांडवात उघडं फिरणं असभ्य. पाहुण्यांना पोह्यांवर शेव कमी घालणं ही वाईट रुची. पहिल्यासाठी पोलीस बोलावता येतील, दुसऱ्यासाठी नाही. घटनेत नसलेलं हे कारण नियमाच्या पहिल्या ओळीत कसं येऊन बसलं आणि इतकी वर्षं कुणी त्याला उठवलं कसं नाही, याचं मला नवल वाटतं.

पुढची कलमं वाचली तर आणखी करमणूक होते. मित्रराष्ट्रांवर टीका नको. अर्धसत्य नको. (मालिकेत अर्धसत्य नसेल तर शुक्रवारी एपिसोड संपवायचा कशावर?) विशिष्ट वांशिक, भाषिक, प्रादेशिक गटांचं चित्रण करताना उपरोध नको. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने पुण्याच्या माणसाच्या चहाची केलेली थट्टाही कडक अर्थ लावला तर नियमबाह्य. आणि त्याच यादीत आहे : अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारं काही दाखवू नये. माझा कावळा तिथेच बसतो. पण त्याच्याकडे कुणाची नजर गेली नाही. जावी तरी कशी? देवाचं यंत्र घेतलं की कर्ज फिटतं, लग्न जमतं, असं सांगणाऱ्या लांबलचक जाहिराती टीव्हीवर वर्षानुवर्षं चालू होत्या. त्या बेकायदा आहेत हे शेवटी जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं, तेही मुख्यतः महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे.

आपण म्हणाल, पण मंत्रालयाने तुमच्या सीनला कुठे हात लावला? बरोबर. आपल्याकडून कुणाचा फोन आला नाही, पत्र आलं नाही. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. सिनेमावाल्याला सेन्सॉर बोर्डाकडून कट्सची यादी मिळते. ती हातात घेऊन तो भांडतो, कोर्टात जातो. टीव्हीला आधी दाखवून घ्यायची सक्ती नाही, म्हणून आम्ही जास्त मोकळे आहोत असं बाहेरून वाटतं. पण माझ्याकडे यादी नाही, आदेश नाही, सही-शिक्का नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. तो घेऊन मी कुठल्या कोर्टात जाऊ?

भीती मात्र खरी आहे, कारण शिक्षा फार मोठी आहे. जानेवारी २००७ मध्ये एएक्सएन वाहिनी जाहिरातींच्या एका कार्यक्रमापायी दोन महिन्यांसाठी बंद झाली. त्याच वर्षी एफटीव्ही दोन महिने बंद, २०१० मध्ये पुन्हा काही दिवस. एका कार्यक्रमाचा दोष आणि पडदा अख्ख्या वाहिनीचा काळा. नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीटीव्ही इंडियाला पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला, ओरड झाल्यावर तो स्थगित झाला. मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या दंगलीच्या बातम्यांवरून केरळच्या दोन वाहिन्यांवर ४८ तासांची बंदी आली आणि दुसऱ्याच दिवशी उठली. इतक्या झटपट उठणारी बंदी घालताना किती विचार झाला असेल? त्या दोनपैकी एक, मीडियावन, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद करण्यात आली. कारण काय, तर ते बंद लिफाफ्यात, वाहिनीलाही न दाखवता. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उच्चार केला की नैसर्गिक न्याय बाजूला ठेवता येत नाही, असं बजावलं. ही प्रकरणं बातम्यांची, माझं काम सासू-सुनांचं. पण चॅनेलच्या वकिलाच्या डोक्यात फाइल एकच असते.

शिवाय अधिकार एकट्या दिल्लीकडे नाही. केबल कायद्याच्या १९ व्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस आयुक्त यांनाही प्रक्षेपण थांबवता येतं. किती जिल्हे, तितक्या सुरुची.

११ डिसेंबर २०१७ ची आपल्या मंत्रालयाची सूचना आठवा. कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात. कारण मुलांवरचा परिणाम. राजस्थान उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर मंत्रालयानेच खुलासा केला की उत्तान जाहिरातींपुरतंच ते होतं, सुरक्षित संबंधांची माहिती देणाऱ्या जाहिरातींना बंधन नाही. ठीक. पण सूचना पोचायची तिथे पोचली होती. आमच्या एका मालिकेत नवरा-बायको दुसरं मूल नको म्हणून बोलत होते. त्यात साधन कुठलं, याचा उल्लेख ठेवायचा नाही, असं आम्हाला त्यानंतर कितीतरी दिवस सांगितलं जायचं. खुलासा कुणी वाचतच नाही हो. सूचना तेवढी वाचतात.

आता माझ्या पायाखालचंही सांगते. मी काही स्वातंत्र्याची पुतळी नाही. मालिकेत सुनेच्या खिरीत विष मीच कालवलंय. एका थपडेचा आवाज तीन अँगलने तीनदा वाजतो, तो सीनही माझाच. बाईचा छळ चाळीस-चाळीस एपिसोड चालवलाय, कारण आकडे वर जात होते. त्यावर सुरुचीची नोट मला एकदाही आली नाही. आणि मुलांचं म्हणाल तर मुलांसाठी वेळेचं बंधन मला मान्य आहे. मुलं जास्त बघतात त्या वेळी त्यांना न झेपणारं दाखवू नका, हे त्याच नियम सहामध्ये लिहिलेलं आहे आणि ते पुरेसं आहे. २००५-०६ मध्ये मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 'ए' प्रमाणपत्राचे सिनेमे टीव्हीवर नकोत असं म्हटलं. ते पटो न पटो, निदान स्पष्ट होतं. प्रमाणपत्र बघायचं आणि ठरवायचं. सुरुचीचं प्रमाणपत्र कुठे मिळतं?

मुंबईचीच आणखी एक गोष्ट. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'तमस' चालू होती. फाळणीची मालिका. दंगली होतील म्हणून ती थांबवावी अशी याचिका आली आणि एकल न्यायमूर्तींनी स्थगितीही दिली. मग खंडपीठाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी काय केलं? मालिका अख्खी पाहिली. पाहून स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे मालिका टिकली. तो निकाल देताना न्यायालयाने आधार घेतला नागपूर उच्च न्यायालयातले न्या. व्हिव्हियन बोस स्वातंत्र्याच्या आधी जे लिहून गेले होते त्याचा : शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. हे माप आपल्या नागपुरात घडलेलं आहे, मंत्रिमहोदय. आज आमच्या एडिटच्या खोलीत नेमकं उलटं माप चालतं. महाराष्ट्रातला सगळ्यात चटकन दुखावणारा प्रेक्षक कोण असेल, याची कल्पना करायची आणि त्याच्यासाठी लिहायचं. तो प्रेक्षक मी अजून पाहिलेला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या मंत्रालयाने नव्या प्रसारण कायद्याचा मसुदा काढला होता. त्यात प्रत्येक वाहिनीने स्वतःची आशय मूल्यमापन समिती नेमावी आणि तिचं प्रमाणपत्र घेऊनच कार्यक्रम दाखवावा, असं सुचवलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने सांगितलं की सल्लामसलत करून नवा मसुदा आणू. त्या सल्लामसलतीत संवाद लिहिणाऱ्यांना बोलावलं जात नाही, म्हणून इथे लिहिते. ती समिती म्हणजे आजच्या त्या पिवळ्या ओळीला खुर्ची, टेबल आणि शिक्का देणं आहे. मसुदा कधीही आणा, पण 'सुरुची' हा शब्द त्यातून काढा. घटनेत आहे तेवढंच ठेवा, आमची हरकत नाही. ज्या आदेशाने वाहिनी बंद होते, सीन जातो, तो आदेश कारणांसकट, वाहिनीच्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल असा छापा. आणि तक्रारीचा शेवटचा निवाडा आपल्याच मंत्रालयाच्या समितीकडे ठेवू नका. सरकारवर उपरोध करणाऱ्या कार्यक्रमाची तक्रार सरकारनेच ऐकायची, हे कुणाला पटेल?

माझं नाव खाली देत नाही, कारण मालिका चालू आहे आणि करारात बाहेर बोलण्याबद्दल एक कलम आहे. (तेही वाचलं, याच ओघात.) पण एक कळवते. कथेप्रमाणे पुढच्या महिन्यात धाकट्या नातीची पाळी यायची आहे. तीच आजी, तेच मोरीचं दार. यावेळी मी 'पाळी'च लिहून पाठवणार आहे. नोट आली तर तिचा स्क्रीनशॉट शास्त्री भवनाच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवीन. सोबत एक साधा प्रश्न असेल : हा शब्द आपल्या मंत्रालयाच्या मते दाखवण्याजोगा आहे की नाही? लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावं, ही विनंती.

आपली,
एक संवादलेखिका
ठाणे