मंगलाजोडीच्या नावाडी भाऊंना, नागपूरहून

भाऊ, नमस्कार.

पत्र मराठीत आहे. तुमच्या नावेवरचे गाईड ते हिंदीतून वाचून दाखवणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलंय. उघड पत्र एवढ्यासाठी, की नागपूरहून दर हिवाळ्यात ओडिशातल्या चिलिका सरोवराकाठी, तुमच्या मंगलाजोडी गावी पक्षी पाहायला जाणाऱ्यांनीही ते वाचावं आणि तुमच्या नावेत पाय ठेवण्याआधी निम्मं शिकून यावं.

आभार कशाचे, ते आधी सांगतो. पाणटिवळ्यांचा तो मोठा थवा समोर होता. साधारण २५ मीटरवर तुम्ही बांबू चिखलात रोवला आणि नाव थांबवली. आमच्यातले दोघं म्हणाले, "आणखी थोडं पुढे." तुम्ही मान हलवली आणि जागचे हलला नाहीत. त्या नकाराचे आभार मानायला हे पत्र.

तुम्ही काय पाहिलं होतं ते गाईडनी नंतर उलगडून सांगितलं. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे गॉडविट, चरत असतो तेव्हा त्याची लांब सरळ चोच चिखलात पार मुळापर्यंत जाते, कधीकधी डोळेही पाण्याला टेकतात. सगळा थवा असा खाली मान घालून असला, की त्याला आपली भीती नाही. पहिली खूण म्हणजे कडेच्या चार-सहा पक्ष्यांचं चरणं थांबतं. मग माना वर होतात. मग ते पाठ फिरवून चालू लागतात, हळूच आवाज देतात, आणि एकाने पंख अर्धे उघडले की संपलं, पुढच्या क्षणाला सगळा थवा आकाशात असतो. तुम्ही थांबलात ते पहिल्या खुणेवर. आम्हाला तोवर खूण दिसलीच नव्हती, आमचं लक्ष सगळं कॅमेऱ्याच्या पडद्यावर. दहा मिनिटं नाव तशीच उभी राहिली. थव्याने परत माना खाली घातल्या आणि चरत चरत तो आपणहून आमच्याकडे सरकला. शेवटी सगळ्यात जवळचा पक्षी बारा-पंधरा मीटरवर होता. चोचीचा बुडाकडचा गुलाबी रंग टोकाकडे काळा होत जातो, तो दुर्बिणीशिवाय दिसत होता. पुढे गेलो असतो तर उडणाऱ्या शेपट्या तेवढ्या मिळाल्या असत्या.

थवा उडाला तर आपलं एक चित्र बिघडतं, पण पक्ष्याचं नुकसान त्याहून मोठं आहे. मार्चच्या सुमारास त्याला उत्तरेकडे हजारो किलोमीटर जायचं असतं आणि त्याची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दिवसातून कितीतरी वेळा त्यांना उठवतोच. त्यात प्रत्येक नावेने एकेकदा उठवलं तर चरायला वेळ उरतो किती? टाळ्या वाजवून थवा उडवायला सांगणारे प्रवासी असतात, हे तुम्हीच सांगितलंत. नागपूरच्या कुणी तसं सांगितलं, तर नाव सरळ काठाला लावा. आमचा तुम्हाला पाठिंबा आहे.

आता तुमच्या हाताबद्दल. तुमच्याकडे नावेला डंगा म्हणतात, आमच्या विदर्भात ढिवर लोक डोंगा म्हणतात, म्हणून आपलीच गोष्ट वाटली. सपाट बुडाची लाकडी नाव, मोटर नाही, आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी. अशा उथळ पाण्यात वल्ह्याचा उपयोग नाही, ते गवतात अडकतं आणि पाण्यावर आपटून आवाज करतं. तुम्ही बांबू नावेच्या मागच्या टोकाशी सरळ उभा खाली सोडता. फेकत नाही, सोडता. तळ लागला की अंगाचा भार हळूहळू देता. काढताना आधी मनगटाने थोडा पिळता आणि मग ओढता, कारण चिखल बांबूला शोषून धरतो. न पिळता ओढला तर एक तर बांबू तिथेच राहतो आणि नाव पुढे जाते, नाहीतर झटका बसून नावाडीच पाण्यात. शिवाय चिखलातून सुटतानाचा तो 'फच्च' आवाज शांत पाण्यावर फार लांब जातो. वर काढलेल्या बांबूचं पाणी निथळतं, तेही तुम्ही नावेच्या कडेला टेकवून निथळू देता. आम्ही कान देऊन होतो, म्हणून कळलं.

थव्याकडे नाव कधी सरळ नेली नाहीत. तिरकी नेलीत, थव्याच्या शेजारून पुढे निघून जायचं आहे अशी. उभे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून असतात आणि उडतातही वाऱ्याच्या समोरच. वाऱ्याच्या बाजूने नाव समोर आणली तर त्यांची वाटच अडते आणि ते लवकर घाबरतात. बाजूने आलं की वाट मोकळी राहते आणि त्यांना उडायची गरज वाटत नाही.

आणि सावली! हे आम्हाला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. सूर्य पाठीमागे असला की पिसांचे रंग नीट दिसतात, म्हणून सगळे तेच मागतात. पण सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला की पाण्यापासून दोन मीटर उंच उभ्या माणसाची सावली जवळपास २३ मीटर लांब पडते, म्हणजे थेट थव्याच्या पायाशी. शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही उभं राहणं सोडून गुडघ्यांवर बसून बांबू चालवलात. तसं चालवायला दुप्पट जोर लागतो, ते तुमच्या खांद्यांकडे पाहून कळत होतं.

पुढे जाणाऱ्यांसाठी आता काही गोष्टी, कारण आमच्या ज्या चुका तुम्ही न बोलता सांभाळून घेतल्या त्या पुढच्यांनी करू नयेत.

नावेत चौघं पुरे. जास्त जण बसतात, पण मग नाव खोल बसते आणि उथळ जागी घासते. सगळ्यात वजनदार माणूस मधोमध, पिशव्या तळाशी, आणि उठून उभं राहायचं नाही. पक्षी डावीकडे दिसला की चौघंही डावीकडे झुकतात, नाव कलते आणि नेमका त्याच वेळी नावाड्याचा भार बांबूवर असतो. गंमत बघण्यासाठी त्याला पाण्यात घालवू नये. उजवीकडच्या दोघांनी बसल्या जागी फक्त मान वळवावी. नाव थोडी फिरवून तुम्ही त्यांनाही दाखवताच.

वेळेचा घोळ नागपूरकरांचा ठरलेला. मंगलाजोडी आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे जानेवारीत तिथे साडेपाचच्या सुमारासच सूर्य बुडतो, आपल्याकडच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. "पाचला निघू, सूर्यास्त पाहू" असं ठरवलं तर कालव्यातच अंधार होतो. तीनच्या ठोक्याला नावेत बसायला हवं. भुवनेश्वरपासून सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता आहे. नागपूरहून पुरीकडे जाणाऱ्या गाडीने खुर्दा रोडला उतरलं तर तेही सोयीचं. काही झालं तरी पोचल्या दिवशीच नावेची घाई करू नये. अडीच तास नावेतून उतरायला जागा नाही, म्हणून आधी स्वच्छतागृहात जाऊन यावं. बायकांना हे तुम्ही गाईडकरवी स्पष्ट सांगितलंत, त्याचेही आभार. बरेच जण संकोचाने सांगत नाहीत आणि मग फेरी अर्ध्यात सोडावी लागते.

दुर्बीण ८ गुणिले ४२ ची न्यावी, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. हलत्या नावेत १० पटीची दुर्बीण हात जास्त हलवून दाखवते आणि संध्याकाळी काळोखते. ८ गुणिले ४२ मधून डोळ्यापर्यंत सव्वापाच मिलिमीटर जाडीचा प्रकाश येतो, १० गुणिले ४२ मधून ४.२. सूर्य बुडाल्यावर हाच फरक कामाला येतो. कॅमेऱ्याला तिपाई नको, ती नावेत नुसती अडचण. शिवलेली रिकामी पिशवी न्यावी, तिथे पोचल्यावर दीड किलो तांदूळ भरावा आणि नावेच्या कडेवर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवावी. परतताना तो तांदूळ गावात कुणाच्या तरी चुलीवर जातो. नाव डुलते म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग धरावा, उडणाऱ्याला दोन हजाराव्याचा. पांढरा बगळा काळ्या पाण्यावर असेल तर उजेड थोडा उतरवावा, नाहीतर बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग मिळतो. फ्लॅश नाही. पांढरे, लाल कपडे नाहीत. चिवड्याची प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नाही, तिच्या कुरकुर आवाजाने पाणकणसाच्या कडेला बसलेली फटाकडी, म्हणजे एक लाजाळू पाणपक्षी, आत शिरली ती परत आली नाही. खाऊ कापडी पिशवीत न्यावा. सूर्य गेला की गारवा लगेच येतो आणि डास त्याच्याही आधी, तेव्हा लांब बाह्या असाव्यात.

जांभळी पाणकोंबडी तुम्ही दाखवलीत तशी आधी पाहिली नव्हती. आमच्या तलावांवरही ती आहे, पण लांबून. इथे ती दहा हातांवर होती. एका पायावर उभी राहून दुसऱ्या लांब बोटांच्या पायात तिने नळ गवताचा कोंब मुठीत धरावा तसा धरला, चोचीने वरचं साल सोललं आणि आतला पांढरा गर खाल्ला. साल पाण्यात पडलं, त्यावर एक कमळपक्षी येऊन उभा राहिला. तुम्ही तेव्हा बांबूही हलवला नाहीत.

सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना तुम्ही नाव फिरवलीत आणि तोंड पश्चिमेला केलंत. आम्हाला वाटलं, परत निघालो. पण दिवसभर झोपा काढणारी तलवार बदकं, थापटे, गडवाल रात्री चरायला निघतात ती याच वेळी, आणि त्यांची वाट तुम्हाला ठाऊक होती. आधी पंखांचा आवाज आला, मग केशरी आकाशावर काळ्या रेघा. एकाच जागी बसून डोक्यावरून थव्यामागून थवे जाताना पाहिले. त्यानंतर मात्र तुम्ही एक मिनिटही थांबला नाहीत, कारण कालव्याच्या तोंडाशी मासेमारीची जाळी आणि बांबूच्या खुंट्या असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. तेही बरोबरच होतं.

हे पाणी आजही असं आहे, यामागे तुमच्या गावाचे श्रम आहेत हे आम्ही जाणून आहोत. चिलिका समुद्राला तोंड असलेलं मचूळ पाण्याचं सरोवर, १९८१ साली महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं. गाळाने तोंड बुजत गेलं, खारेपण घटलं, गोड्या पाण्यातलं तण माजलं आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रो नोंदीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं, समुद्राचं पाणी परत आत आलं आणि २००२ मध्ये ते त्या नोंदीतून बाहेर पडलं. त्याच २००० साली मंगलाजोडीत श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. ज्यांच्या हातात बंदुका आणि विषाची आमिषं होती, त्यांनीच पक्षी राखायला घेतले. शिकाऱ्यालाच थवा कुठे उतरतो, कधी उठतो, किती जवळ जाऊ देतो हे माहीत असतं. तुमच्या गावाने ते ज्ञान टाकून दिलं नाही, दुसऱ्या कामाला लावलं. पंचवीस मीटरचा तो अंदाज कुठून आला, हे आम्हाला तेव्हा समजलं.

एक विनंती नागपूरकरांना: मंगलाजोडीत डॉल्फिन मागू नका. इरावती डॉल्फिन सातपाड्याकडे, सरोवराच्या समुद्राकडच्या भागात दिसतात. तिथल्या नावा मोटरच्या. डॉल्फिनच्या मागे धावायला सांगू नये, मोटर बंद करून थांबावं, पंख्याने त्यांना जखमा होतात.

इथे सायकी आणि पारडगाव तलावांवर पट्टकदंब उतरतात, हिमालय ओलांडून येणारे तेच हंस तुमच्या चिलिकातही असतात. आमच्याकडे नावा नाहीत, आम्ही काठाने चालतो. पण तिरकं चालायचं, पहिली मान वर झाली की थांबायचं आणि संध्याकाळी आपली सावली कुठे पडते ते बघायचं, हे तीन नियम आता आमच्या गटात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. सांगताना "मंगलाजोडीच्या भाऊंचे नियम" असंच म्हणतात.

फेब्रुवारीअखेर आमच्यातले तिघं तुमच्याकडे येताहेत. त्यांच्यासोबत तुमचं गुडघ्यांवर बसून नाव चालवतानाचं छायाचित्र आणि मृग बहाराच्या संत्र्यांची एक पेटी पाठवत आहोत. पेटी आल्याबरोबर उघडा आणि तळाच्या थरातली आधी खाऊन टाका, गाडीत तीच दबतात. वरची आठवडाभर टिकतील, फक्त मातीच्या जमिनीवर सुटी पसरून ठेवा, पेटीत झाकून ठेवू नका.

तुमचे,
नागपूरचे चौघं पक्षीमित्र