बाक दरवर्षी का बदलता?

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतला बालमैत्रीवरचा लेख वाचला. कॅथलिक शाळांत जुळलेली मैत्री जन्मभर टिकते, याचं सगळं श्रेय लेखात शिस्तीला आणि संस्कारांना दिलं आहे. मी अशाच एका शाळेत अकरा वर्षं काढली. तिथं जमलेल्या आम्ही पाच जणी साठी उलटली तरी एक दिवस बोलल्याशिवाय राहत नाही. म्हणून या श्रेयाच्या वाटपाबद्दल थोडं भांडायचं आहे.

संस्कारांचं म्हणाल, तर आमच्या सिस्टरांना दोघींची घट्ट मैत्री मुळीच खपत नसे. दोघी सारख्या एकत्र दिसल्या की त्या तिसरीला उचलून मध्ये बसवत. हा त्यांचा लहरीपणा नव्हता, हे फार उशिरा कळलं. ‘खास मैत्री’कडे मठांमध्ये शतकानुशतकं संशयानंच पाहिलं गेलं. एकटं क्वचित, दोघं कधीच नाही, नेहमी तिघं, असा लॅटिनमध्ये दंडकच होता. तोच आमच्या वर्गापर्यंत पोहोचला. गंमत अशी की मध्ये बसवलेली तिसरीही मैत्रीणच व्हायची. आमच्या पाचांतल्या दोघी अशा मध्ये बसवलेल्याच आहेत.

मग मैत्री आली कुठून? माझं उत्तर साधं आहे, बाकावरून. पूर्वी युरोपातल्या बहुतेक शाळांत गुरुजी एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवत आणि बाकीची मुलं ताटकळत बसत. सगळ्या वर्गाला एकदम शिकवण्याची पद्धत शाळांमध्ये रुजवण्यात फ्रान्समधल्या जाँ-बातिस्त द ला साल (१६५१–१७१९) या धर्मगुरूंचा आणि त्यांच्या ब्रदरांचा मोठा वाटा आहे. १९५० साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. मैत्रीबद्दल मात्र त्यांचे आभार कुणी मानत नाही. एकाच गणितावर चाळीस जणी एकाच वेळी अडतात, अडलेली शेजारच्या अडलेलीकडे बघते आणि दोघींना हसू फुटतं. इतकं पुरतं.

शेजार आपण निवडलेला नसतो, हे यातलं मर्म. लहानपणीचं नसलं तरी एक उदाहरण द्यायचा मोह होतो. पॅरिसच्या सेंत-बार्ब कॉलेजात पिएर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर एका खोलीत राहत. १५२९ मध्ये तिथंच चाळिशीला आलेला एक विद्यार्थी राहायला आला, इग्नेशियस लोयोला. फाव्र त्याचा अभ्यास घ्यायचा. झेवियरला तो सुरुवातीला रुचत नव्हता. पुढं याच तिघांभोवती जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ उभा राहिला. झेवियर दूर, आजच्या इंडोनेशियातल्या आम्बोइना बेटावर होता, तेव्हा १५४६ मधल्या पत्रात त्यानं लिहिलं आहे की, सोबत्यांनी आपल्या हातानं लिहिलेली नावं त्यांच्या पत्रांतून कापून तो सतत जवळ बाळगतो. संतांचं जाऊ द्या, असं करणारा मित्र मला आधी कळतो.

जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाचा २०१८ मधला अंदाज आहे की ओळखीचं माणूस जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त सहवास लागतो. रोजचे पाच तास धरले तर बाकावर हे तास दोन महिन्यांच्या शाळेत भरतात! नुसत्या एकत्र कामाचे तास त्यात तितकेसे उपयोगी पडत नाहीत, असंही त्यांचंच निरीक्षण. पण उघड्या वहीच्या आड चालायची ती कुजबुज काम नव्हतीच.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीची शस्त्रक्रिया झाली. गुंगी उतरत होती, पण ती कुणालाच धड उत्तर देईना. तेव्हा दुसरीनं हुबेहूब सिस्टरांच्या सुरात तिचा हजेरीतला नंबर पुकारला, “सतरा!” डोळे मिटलेलेच, आणि आवाज आला, “प्रेझेंट, सिस्टर.” तिच्या मुलाला आम्ही वेड्याच वाटलो असणार.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. छडी होती, चारचौघांत केलेला अपमान होता. वर्गातल्या काही जणींना त्या शाळेचं नावही नको वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही. शेजारची चिमटे काढत असेल, छळत असेल, तर बाक बदललाच पाहिजे. पण आता कित्येक शाळा कारण नसताना दरवर्षी तुकड्या पिसतात. गटबाजी होऊ नये, असं त्यामागचं कारण देतात. म्हणजे सिस्टरांचीच भीती, फक्त उपाय उलटा. त्या तिसरीला आत घेत होत्या, हे दोघींना वेगळं करतात. निदान तीन वर्षं तरी तुकडी तीच ठेवा, असा आग्रह पालकांनी शाळेत जाऊन धरावा. मीही नातीच्या शाळेत जाऊन आले. तिथं “बघू” एवढंच उत्तर मिळालं.

घरी येऊन नातीला विचारलं, “तुझ्या शेजारी बसते तिचं नाव काय गं?”

ती म्हणाली, “कुठल्या वर्षीची, आजी?”

आपली,
एक माजी विद्यार्थिनी