गोळीच्या पट्टीवर मराठीत इशारा कधी छापणार?

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

काल माझ्या भाचीला जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने तिला ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टी दिली. चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलेही नाही. त्याच जातीच्या लिव्होफ्लॉक्सासिनने माझे पाय अधू केले, म्हणून हे लिहिते आहे.

मी एसटीत वाहक. खोकल्यासाठी डॉक्टरांनी ही गोळी दिली, जोडीला स्टेरॉइड. दोन्ही एकत्र घेतल्यास टाचेमागची शीर (स्नायू हाडाला जोडणारा दोर, टेंडन) तुटण्याचा धोका वाढतो, हे कुणी सांगितले नाही. माझी शीर तुटली नाही, पण सूज अजून उतरत नाही. तळपायांची आग होते. रात्री पांघरूण पायाला लागले तरी कळ येते. धावत्या गाडीत उभे राहवत नाही, म्हणून बसून करायचे काम मागून घ्यावे लागले. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचेच म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत!

मनाचे खेळ? अमेरिकेने 2008 मध्ये या औषधांवर अशा शिरा (टेंडन) तुटण्याचा चौकटीतला इशारा छापायला लावला. नसांची इजा कायमची राहू शकते, हे 2013 मध्ये जाहीर केले. दुसरे अँटिबायोटिक चालणार नसेल तरच हे द्या, असे ब्रिटनने जानेवारी 2024 मध्ये बजावले. आपल्याकडे लिव्होफ्लॉक्सासिन 2014 पासून एच-वन अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. दुकानदाराने रुग्णाचे नाव वहीत लिहायचे, वही तीन वर्षे ठेवायची. ती वही तपासतो कोण?

इजा झाली की सप्लिमेंटवाले गाठतात. मॅग्नेशियम, कोक्यू-टेन, बी-बारा. विकणारा छातीठोक सांगतो, ‘नसा पूर्ववत होतील.’ डब्यावर इंग्रजीत छापलेले असते, औषध म्हणून वापरू नये! बी-बारा कमी असेल त्याला ते द्यावेच, माझे कमी नव्हते. या इजेवर हमखास गुण देईल असे एकही सप्लिमेंट सिद्ध झालेले नाही. उलट मॅग्नेशियम लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळीसोबतच घेतले तर गोळी नीट शोषली जात नाही. पगारातले किती पैसे या डब्यांत गेले, ते आठवले की संताप होतो.

अन्नही तुमच्याच खात्याकडे, औषधही तुमच्याच. मग विक्रेत्याच्या खोट्या दाव्यावर गुन्हा का नाही? पट्टीवर मराठीत इशारा छापायला लावण्यासाठी केंद्राकडे भांडत का नाही? दुष्परिणाम नोंदवण्याची देशव्यापी योजना 2010 पासून आहे. मला एकाही डॉक्टरने तिचे नाव सांगितले नाही. ज्या राज्यात गरिबाच्या इजेची नोंदच होत नाही, तिथे औषध सुरक्षित आहे असे कुठल्या आकड्यांवर म्हणता?

मला उत्तर लेखी हवे, मराठीत.

एक एसटी वाहक